दवाखान्यातली सावड

माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा माझा नातेवाईक म्हणून जो माणूस दवाखान्यात हजर होता, तो माझ्या शेजारच्याच खाटेवर डोळ्याला पट्टी बांधून उताणा पडलेला होता.

यात दवाखान्याची काही चूक नाही, हे आधीच सांगून टाकतो. (दवाखान्याचं नाव मात्र सांगणार नाही. माझा उजवा डोळा अजून त्यांच्याच हातून व्हायचा आहे, उगाच वाकड्यात कशाला शिरा!) चूक सगळी आमची. म्हणजे माझी आणि सखारामची. त्यातली जास्त कोणाची, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

मी एसटीतला निवृत्त कंडक्टर. कळमनुरीहून थोडं आत आमचं गाव. आयुष्यभर भरलेल्या गाडीत उभा राहून 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणून ओरडलो. माणसं माझं ऐकून खरोखरच पुढं सरकली. पोरगा संदीप सरकत सरकत पुण्याच्या कंपनीत पोचला, बायको तर पार पुढं निघून गेली, आणि मी मागच्या दाराशी एकटाच उभा राहिलो. आता घरात मी, एक टीव्ही आणि एक मांजर. मांजरही जेवणापुरतंच येतं. संध्याकाळी टीव्ही लावतो, तो बघण्यासाठी नाही, घरात कोणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून. भाकरी एकच लागते, पण एका भाकरीचं पीठ मळताना फार एकटं वाटतं, म्हणून दोन थापतो आणि दुसरी सकाळी शिळी खातो.

त्यात डोळे धुरकटले. आधी बारीक अक्षर गेलं, मग ठळक गेलं, मग माणसांचे चेहरे गेले. एकदा तर रस्त्यावर उभ्या असलेल्या म्हशीला मी 'अहो, जरा बाजूला होता का' असं आदरानं म्हणालो. (म्हैस बाजूला झाली. माझ्या आवाजात अजून कंडक्टर आहे.) चहात साखरेऐवजी मीठ पडायला लागलं तेव्हा मात्र मी घाबरलो. कारण डोळा गेला की घर गेलं, एवढा साधा हिशोब होता. दिसेनासं झालं तर संदीप मला पुण्याला नेणार. तिथं एकदा जाऊन आलो आहे. सहावा मजला. खाली माणसं दिसतात, पण हाक मारली तर वर कोणी बघत नाही. दिवसभर सगळे आपापल्या कामाला आणि मी सोफ्यावर, पाहुण्यासारखा. मला माझ्याच घरात, माझ्याच हातची करपलेली भाकरी खाऊन राहायचं होतं आणि त्यासाठी डोळा हवा होता.

"बाबा, पुढच्या महिन्यात येतो, मग करू ऑपरेशन," संदीप फोनवर म्हणायचा. पोरगं वाईट नाही. खरंच येणार असायचा. पण 'पुढचा महिना' हा थांबा असा आहे की तिथं गाडी कधी पोचतच नाही.

शेवटी मी ठरवलं, आपणच जायचं. आरोग्य केंद्राच्या आशाताईनं चिठ्ठी दिली, अर्धं तिकीट काढून मी शहरातल्या त्या दवाखान्यात पोचलो. खिडकीतल्या बाईनं चिठ्ठी घेतली, नाव लिहिलं, वय लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, "सोबत कोण आहे?"

आता याचं उत्तर 'कोणी नाही' एवढंच होतं. दोन शब्द. पण मागं रांग होती. एकाला लेक घेऊन आली होती, एकाला सून, एका म्हातारीला तर चार माणसं धरून उभी होती, जणू ती पळून जाणार होती! अशा रांगेत 'मला कोणी नाही' हे मोठ्यानं सांगायला जीभ वळेना. मी म्हणालो, "येऊन राहिलेत मागून."

"मग आले की सांगा. बसा तिकडं."

बसलो. डोळ्यांच्या वॉर्डासमोरच्या बाकावर. आता येणार कोण? कोणीच नव्हतं यायचं! तरी मी अशा थाटात बसलो की पाहणाऱ्याला वाटावं, ह्याचे लोक गाडी लावून येतच असतील. दोनदा घड्याळ पाहिलं. (दिसत नव्हतं, पण पाहिलं.) एकदा कानाला फोन लावून 'कुठवर आलात रे?' असंही म्हणालो. शेजारच्या माणसाला माझी दया आली. म्हणाला, "आजकालची पोरं अशीच हायेत काका." मी म्हणालो, "न्हाई न्हाई, रस्ता खराब हाय." आणि खरं सांगतो, ज्याची मी वाट बघत होतो तो माणूस नव्हताच, हे मला माहीत होतं, तरी दर वेळी दार वाजलं की माझी मान वर व्हायची. खिडकी बंद झाली तेव्हा मी उठलो आणि परतीची गाडी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बसलो होतो. मन कडू झालेलं. समोर कमरेएवढ्या भिंतीपलीकडं सखाराम नेहमीसारखा उभा. सखाराम माझा शेजारी, माझ्याहून थोडा मोठा, म्हणजे एसटीत त्याला पूर्ण माफ आणि मला अर्धं. त्याची बायको वर्षापासून नांदेडला लेकीकडं, नातवंडं सांभाळायला. मी रोज त्याला 'रामराम' घालायचो. आठवडा झाला, तो उत्तरच देत नव्हता. आज मला राग आला. मी उठून भिंतीपाशी गेलो आणि ओरडलो, "काहून रे सखाराम, आठ दिस झाले रामराम घालून राहिलो, तोंडातून हूं बी निघंना का तुझ्या?"

आवाज मागून आला, दाराच्या चौकटीतून. "कंडक्टर, कोनाशी बोलून राहिलास? ते माझं धोतर हाय, वाळत टाकलेलं."

मी धोतराकडं नीट बघितलं. धोतरच होतं.

"आन तू काय लई शहाना?" सखाराम पुढं येत म्हणाला. "म्या रोज बघतो, तू सकाळपासून मोरीपाशी बसलेला असतोस. हाक मारली तरी हालत न्हाईस. मला वाटलं, पेन्शनीचा गर्व झाला."

"मोरीपाशी? तिथं पाण्याचं टिपाड हाय!"

सखारामनं भिंतीवरून वाकून पाहिलं. "टिपाड हाय व्हय," तो म्हणाला. मग दोघंही हसलो. आठ दिवस मी त्याच्या धोतराशी बोलत होतो आणि तो माझ्या टिपाडावर रुसला होता!

एका काळी आम्ही रोज बोलायचो. आमच्याकडं बैल एकेकच. एका बैलावर औत चालत नाही, म्हणून आमची सावड होती. त्याचा बैल आणि माझा बैल एका जुवाला, आज त्याचं रान, उद्या माझं. ड्यूटी नसली की मी, ड्यूटी असली की माझी बायको. पैसे कोणी कोणाला द्यायचे नाहीत, फक्त आज तू माझ्याकडं आलास तर उद्या मी तुझ्याकडं यायचं. मग गावात ट्रॅक्टर आला. बैल गेले, सावड मोडली आणि हळूहळू आमचं बोलणं रामरामापुरतंच उरलं. भांडण नव्हतं. भांडण असतं तर निदान भांडायला तरी बोललो असतो. कामच उरलं नाही.

मी त्याला दवाखान्याची हकीकत सांगितली. (बाकावर बसलेलो सांगितलं, फोन लावलेला सांगितला नाही.) सखाराम दाढी खाजवत राहिला. मग म्हणाला, "मला बी आशाताईनं चिठ्ठी देऊन ठिवली. चार महिने झाले. लेकीकडं फोन लावला तर म्हातारी म्हनते, लेकराला ताप हाय, पुढच्या महिन्यात येते."

"तुझ्याकडं बी पुढचा महिनाच का!"

"मंग असं करू ना," तो म्हणाला. "सावड करू. तुझ्यासंगं म्या, माझ्यासंगं तू. बराबर?"

मला इतका आनंद झाला की मी विचारच केला नाही. तिथंच चुकलं. आशाताईनं आम्हाला नवी तारीख आणून दिली, दोघांना एकच. एका गावचे म्हातारे एकदम निघून जावेत म्हणून. आम्हाला वाटलं, हे तर फारच बरं झालं! एक आत, एक बाहेर. मग दुसरा आत, पहिला बाहेर. आज माझं रान, उद्या तुझं, इथं फक्त सकाळी तुझं आणि दुपारी माझं.

गाडीत दोन सीट शेजारी शेजारी मिळाल्या. सखारामनं खिडकी घेतली. (बाहेरचं काही दिसत नव्हतं, तरी घेतली.) दवाखान्यात पोचलो. तीच खिडकी, तीच बाई.

"सोबत कोण आहे?"

"म्या हाय ना!" सखाराम असा ओरडला की रांगेतले लोक दचकले. मला काय वाटलं ते कसं सांगू? छाती फुगली. मागच्या वेळच्या त्या शेजारच्या माणसाला शोधून आणावं आणि दाखवावं असं वाटलं.

"कोण लागता यांचे?"

हे आम्ही ठरवलंच नव्हतं!

"भाऊ," सखाराम म्हणाला.

"सख्खे?"

"येकदम सख्खे."

बाईनं दोन्ही आधार कार्डं समोर धरली. "मग आडनाव वेगळं कसं?"

सखाराम मागं हटला नाही. "आमची आई येगळी हाय."

"आई वेगळी असली तरी आडनाव वडिलांचं असतं ना काका!"

"मंग बाप बी येगळा असंल," सखाराम म्हणाला.

रांग हसली. बाईही हसली, आणि हसता हसता तिनं माझ्या कागदावर 'भाऊ' लिहून टाकलं. सखारामचा कागद पलीकडच्या खिडकीत होता. तिथं मी त्याच्यासोबत गेलो आणि मघाचा गोंधळ नको म्हणून या वेळी स्वतःच्या डोक्यानं सांगितलं, "मेहुणा."

आत गेल्यावर आमच्या लक्षात आलं की दवाखान्याला सावडीचा नियम माहीत नाही. तिथं एकेकाला घेत नाहीत. सगळ्यांना एकदम हिरवे झगे घातले, ज्या डोळ्याचं काम त्या बाजूला कपाळावर चिकटपट्टीची खूण केली आणि डोळ्यात थेंब टाकून ओळीनं झोपवलं. मी एका खाटेवर, सखाराम पलीकडच्या. 'आता मी बाहेर कसा बसू?' हे विचारायला दोघांनीही तोंड उघडलं नाही. झगे घालून झाल्यावर विचारायचं तरी काय?

थोड्या वेळानं दाराशी एक सिस्टर आली. तरुण, पण आवाज डेपो मॅनेजरचा. "जाधव! जाधवांचे नातेवाईक कुठं आहेत? सही करायची आहे!"

जाधव म्हणजे मी. बाहेर कोणी हललं नाही. सिस्टर पुन्हा ओरडली.

"हितं हाय बाई," सखाराम खाटेवरून म्हणाला आणि हात वर केला.

सिस्टर त्याच्याजवळ आली. त्याच्या कपाळावरची खूण बघितली, झगा बघितला. "तुम्ही पेशंट आहात काका."

"पेशंट बी हाय आन नातेवाईक बी हाय."

"बरं, मग तुमचे नातेवाईक कुठं आहेत?"

मी माझ्या खाटेवरून हात वर केला.

सिस्टर दोन खाटांच्या मधे आली. तिनं दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि वाचले. "इथं भाऊ लिहिलंय. तिथं मेहुणा लिहिलंय."

"बहीन दिलेली हाय," सखाराम म्हणाला.

"कोणी कोणाला?"

यावर आम्ही दोघांनीही डोळे मिटून घेतले. थेंब टाकलेले होतेच, डोळे मिटायला कारण होतं. ती पुढं काही विचारणार तेवढ्यात आतून डॉक्टरांनी हाक मारली, "पहिला पेशंट पाठवा!" आणि सखारामची खाट हलली. जाता जाता तो मला म्हणाला, "कंडक्टर, घाबरू नको, म्या हाय." आणि नातेवाईक आत गेला.

ऑपरेशनचं काही सांगण्यासारखं नाही. दुखलं नाही, भीती मात्र वाटली. बाहेर आलो तर माझ्या डाव्या डोळ्यावर पट्टी आणि सखारामच्या उजव्या. राहिलेला एकेक डोळा दोघांचाही धुरकट. म्हणजे दोन माणसांत मिळून अर्धा डोळा शिल्लक होता.

"लघवीला जायचं असेल तर मावशीला हाक मारा, एकटं उठू नका," असं सिस्टरनं बजावलं होतं. पण एकटं उठू नका म्हणाली होती ना! आम्ही तर दोघं होतो. संध्याकाळी आम्ही उठलो. मी सखारामच्या उजव्या हाताला उभा राहिलो. म्हणजे पट्ट्या आत आणि उघडे डोळे बाहेर, रस्ता दिसावा असा. हे मी फार डोकं लावून केलं होतं. सखाराम हटून बसला.

"म्या उजवीकडनं चालनार."

"काहून?"

"माझा बैल जुवाला उजव्या अंगानंच चालायचा. तुझा डाव्या. इसरलास का?"

बैलाचा दाखला म्हणजे शेवटचा शब्द. बाजू बदलली. आता पट्ट्या बाहेर आल्या आणि उघडे डोळे आत. आम्ही दोघं एकमेकांना छान बघू शकत होतो, रस्ता मात्र कोणालाच दिसत नव्हता. एकमेकांचा हात धरून, एका जुवाला जुंपल्यासारखे आम्ही निघालो. एका वळणाला तो 'हिकडं' म्हणाला, एका वळणाला मी 'तिकडं' म्हणालो, आणि एक दार ढकललं तर आत माणसांची गडबड, हसण्याचा आवाज आणि दुपट्याचा वास.

"या, या! आजोबा आले! बसा, बसा," एक जाडसर बाई म्हणाली. कोणीतरी खुर्च्या सरकवल्या. आम्ही बसलो. (कंडक्टरला कोणी स्वतःहून बसायला जागा दिली, तर तो नाही म्हणत नाही.) "पोरगी झाली! तोंड गोड करा!" आणि हातावर पेढा आला. मला शुगर आहे. पण एवढ्या प्रेमानं दिलेलं टाकायचं कसं? एक खाल्ला. दुसऱ्या बाजूच्या बाईनं तिच्या डब्यातला दिला, तोही खाल्ला. सखाराम माझ्यापुढं दोन पेढ्यांनी होता.

झालं असं की माहेरच्यांना वाटलं आम्ही सासरकडचे आणि सासरच्यांना वाटलं आम्ही माहेरकडचे. त्यामुळं आग्रह दोन्हीकडून चालू! आणि मग त्या जाडसर बाईनं ते लेकरू उचललं आणि सरळ माझ्या मांडीवर ठेवलं. "धरा आजोबा. मान सांभाळा."

मला काही दिसत नव्हतं. एक गरम गाठोडं होतं, आणि ते हलत होतं. त्यानं माझं बोट पकडलं. संदीपच्या पोराला मी पहिल्यांदा बघितलं ते मोबाईलवर, आणि तेव्हाही मधेच नेटवर्क गेलं होतं. माझ्या घरात बायको गेल्यापासून कोणी माझा हात धरलेला नव्हता. हस्तांदोलनं झाली असतील, पण धरलेला नव्हता. पट्टीखाली डोळा भरून आला. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं रडायचं नसतं हे मला माहीत होतं, म्हणून मी दुसऱ्या डोळ्यानं रडायचा प्रयत्न केला. तसं जमत नाही.

"काका, तुमी पोरीकडचे का पोराकडचे?" अखेर कोणीतरी विचारलं.

मी सखारामकडं बोट केलं. "मी ह्याच्याकडचा."

सखारामनं माझ्याकडं बोट केलं. "आन म्या ह्याच्याकडचा."

दोन्हीकडच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तेवढ्यात दारातून आवाज आला, "हे इथं आहेत होय! पूर्ण मजला शोधला मी!" सिस्टर. तिच्या मागं वॉर्डातली मावशी. आम्हाला दोन्ही दंडाला धरून परत नेलं. लेकरू मी आधीच परत दिलं होतं, पण पेढा तोंडात होता, त्यामुळं माफी मागता आली नाही.

वॉर्डात आल्यावर तिनं माझी शुगर तपासली आणि आकडा बघून कपाळाला हात लावला. "सकाळी तर ठीक होती! काय खाल्लंत?"

"आजोबा झालो बाई," मी म्हणालो.

त्या आकड्यापायी आमचा मुक्काम एका दिवसानं वाढला. माझी शुगर उतरेपर्यंत मी थांबायचं आणि माझा नातेवाईक म्हणून सखारामनं! त्यानं एकदाही तक्रार केली नाही. दिवसभर आम्ही खाटांवर पडून बैलांच्या गोष्टी काढल्या. त्याच्या बैलाचं नाव मला आठवत होतं, माझ्या बैलाचं त्याला. माझी बायको शेतात न्यायची त्या ठेच्याची त्यानं आठवण काढली. "तिच्यावानी ठेचा कोनाला जमत न्हाई," तो म्हणाला. घरात तिचं नाव उच्चारलं जाऊन किती दिवस झाले होते कोण जाणे! दवाखान्यात ते ऐकलं आणि मला फार बरं वाटलं.

मग पट्ट्या काढायची वेळ आली. आधी सखारामची काढली. डॉक्टरांनी त्याला काळा चष्मा दिला आणि म्हणाले, "जा, दारापर्यंत फिरून या, कसं दिसतं सांगा." तो गेला. बराच वेळ आला नाही. आला तो माझ्याकडं न बघता.

"काय दिसलं रे?" मी विचारलं.

"काय दिसनार? भिंत," तो म्हणाला आणि खाटेवर पाठ करून बसला.

मग माझी पट्टी निघाली. काय सांगू! खिडकीचे गज दिसले, माझ्या हातावरच्या शिरा दिसल्या, सिस्टरच्या नाकातली चमकी दिसली. (ती रागावलेली नव्हती. इतके दिवस तिच्या आवाजावरून मी चेहरा भलताच धरला होता.) मीही दारापर्यंत गेलो. समोर तोच बाक, ज्यावर मी मागच्या वेळी दिवसभर बसलो होतो. आणि बाकाच्या वर, बसणाऱ्याच्या बरोबर डोक्यावर, ही एवढी मोठी पाटी. निळ्या अक्षरात. 'ज्येष्ठ नागरिकांसाठी.' वेगळी रांग आहे. चाकाची खुर्ची मागा. आणि खाली, त्याहून ठळक : 'सोबत कोणी नसले तरी उपचार थांबणार नाहीत. मदत कक्षात सांगा. आमचा माणूस तुमच्या सोबत राहील.'

डोळ्यांच्या वॉर्डाबाहेर पाटी! ज्यांना वाचता येतं त्यांना गरज नाही, आणि ज्यांना गरज आहे ते तिच्याखाली बसून फोन कानाला लावतात. आधी मला हसू आलं. मग राग आला. दोन शब्द बोललो असतो तर त्याच दिवशी काम झालं असतं. तो माझा हक्कच होता. आणि मग, हक्क वाचल्यावर आनंद व्हायचा तो झालाच नाही. मला ट्रॅक्टर आठवला. गावात पहिल्यांदा ट्रॅक्टर आला आणि सगळे बघायला धावले, त्या दिवशी मी बैलापाशीच उभा राहिलो होतो. आता दुसऱ्या डोळ्याला मला सखाराम लागणार नव्हता. सखारामला मी लागणार नव्हतो. मावशी सोबत राहील. चांगली बाई आहे. पण तिला माझ्या बायकोचा ठेचा कुठं माहीत आहे?

मी आत आलो.

"काय दिसलं?" सखारामनं पाठ न वळवता विचारलं.

"भिंतच," मी म्हणालो.

घरी येऊन आता महिना होत आला. संदीपला सगळं सांगितलं. तो आधी चिडला, मग म्हणाला, "बाबा, दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी नक्की येतो. पुढच्या महिन्यात." मी म्हणालो, "ये रे बाळा. पण रजा मोडू नको. माणूस आहे माझ्याकडं." आणि हे म्हणताना मला दवाखान्याच्या रांगेतल्यासारखं खोटं बोलावं लागलं नाही.

काल आशाताई दुसऱ्या डोळ्याच्या चिठ्ठ्या देऊन गेली. दोघांच्या तारखा या वेळी वेगवेगळ्या. मी चिठ्ठी घेऊन भिंतीपाशी गेलो. सखाराम होता, धोतर नव्हतं. म्हणजे धोतर नेसलेला सखाराम होता. एका डोळ्यानं का होईना, त्याचा चेहरा आता स्वच्छ दिसत होता. किती म्हातारा झालाय! तोही माझ्याकडं तसाच टक लावून बघत होता.

मी घसा साफ केला. "सखाराम, तारखा येगळ्या आल्या. आन दुसऱ्या डोळ्याला बी नातेवाईक लागतोच म्हणे. लई कडक नियम हाय."

सखाराम दाढी खाजवत राहिला. मग म्हणाला, "व्हय. कडक हाय. म्या सोता पाटीवर वाचलं ना तितं. नातेवाईकाबिगर आत घेतच न्हाईत."

"व्हय का? माझं त्या पाटीकडं लक्षच गेलं न्हाई," मी म्हणालो.

"मंग तुझ्या तारखेला म्या, माझ्या तारखेला तू. आन ह्या बारीला आपुन साडू हावोत म्हनून सांगायचं."

तेव्हा डॉक्टरसाहेबांना कोणी कृपा करून कळवू नका, की एवढी मेहनत घेऊन त्यांनी दोन म्हाताऱ्यांचे दोन डोळे स्वच्छ केले, तरी वॉर्डासमोरची हाताएवढ्या अक्षरांतली पाटी काही त्या दोघांनाही अजून वाचता येत नाही.